बाबांचा रेडिओ उतरवणारे भोईर काका

मी पाहिलेला सगळ्यात भित्रा माणूस आज सकाळी गेला.

भोईर काका. गणेशपुरीचे. बाबांचे रेडिओवरचे दोस्त.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या बाबांना हॅम रेडिओचं वेड होतं. रीतसर लायसन्स काढून घरात बसायचं आणि हवेतून जगभरच्या लोकांशी गप्पा मारायच्या.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे आमचं घर. खाली कापड विणणारे लूम, वर आम्ही, आणि आतल्या खोलीत बाबांनी स्वतः जोडलेला सेट. त्यात एक मोठा लोखंडी डबा होता, सिग्नलला ताकद देणारा. त्यात व्होल्टेज किती, असं विचारलं की बाबा नुसते हसायचे.

बाबा गेले आणि आईने त्या खोलीला बाहेरून कडी लावली.

"त्यांनी आत काय कोंडून ठेवलंय ते त्यांनाच ठाऊक. मला भीती वाटते गं त्या खोलीची."

शेवटी दादाने ठरवलं, सेट उतरवायचा. कुणी शिकणारा असेल तर त्याला देऊन टाकू, म्हणून मी काकांना फोन केला.

काकांचा आवाजच बदलला.

"कोनी हात लावू नका. मी उद्या येतो. मी येईपर्यंत डबा उघडायचा न्हाय. सांग दादाला."

मी सांगितलं. पण कसं सांगितलं, तर हसत हसत. "काका नेहमीसारखे घाबरलेत."

ते होतेच तसे. आमचा जिना दोन्ही हातांनी कठडा धरून चढायचे. रिक्षात कडेला बसायचे नाहीत. लांब कुठे ढग दिसला तरी वीज पडेल म्हणून सेट बंद करून अँटेनाची वायर काढून ठेवायचे. बाबा त्यांची यथेच्छ टिंगल करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने सेट चालू करून बघितला. घूंऽऽ असा आवाज आला. "चालतोय गं!"

दुपारी लोडशेडिंग. खालचे लूम एका झटक्यात गप्प झाले.

भिवंडीकरांना पुढचं सांगायला नको. लाइट गेली की आपली सगळी कामं निघतात. होल्डर बदला, बटण बदला, पंखा उघडा. करंटच नाही तर भीती कसली? लहानपणापासून हेच बघत आलोय आम्ही.

"दोन तास आहेत लाइट यायला. उरकून टाकतो," दादा म्हणाला.

प्लग काढला नाही. बटण चालूच.

मी टॉर्च धरला. चार स्क्रू निघाले, झाकण निघालं. दादाने हात आत घातला.

"हात काढ! पयला हात काढ भायेर!"

दारात काका. एसटीतून उतरून थेट आलेले. कठडा धरणारा माणूस आमचा जिना पळत चढला होता.

दादाने हात मागे घेतला. "काका, अहो लाइट नाहीये."

"घरातली गेली. डब्यातली कुठं गेली?"

त्यांनी आधी प्लग उपटला आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातला. म्हणजे कुणी चुकून लावायला नको. मग म्हणाले, "ह्यातला कपॅसिटर करंट धरून ठेवतो. तो उतरवायला आत रेझिस्टर असतो. तोच जळला असंल तर? बघितलास तू?"

 

काकांनी पिशवीतून जुन्या मागाचा लाकडी दांडा काढला. टोकाला जाड तांब्याची वायर. वायरचं दुसरं टोक त्यांनी डब्याच्या पत्र्याला चिमट्याने अडकवलं. आम्हाला दाराबाहेर उभं केलं. डावा हात पँटच्या खिशात घातला, चुकून पत्र्याला लागायला नको म्हणून.

उजव्याने दांडा दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. 

आईने विचारलं, "भावोजी, तुम्हाला भीती वाटतेय?"

"लय, वैनी. म्हनून तर हळू करतो."

दांडा आत गेला आणि फटाक् असा आवाज झाला. निळी ठिणगी. अख्ख्या मोहल्ल्यात लाइट नाही आणि आमच्या खोलीत ठिणगी.

खालून लूम सांभाळणारा जॉबर ओरडला, "क्या फटा ऊपर?"

आई कशीबशी बोलली. "कुछ नहीं भैया, भांडा गिरा."

दादा खाली बसला. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. तो टॉर्च मीच धरला होता, आणि काकांचा निरोपही मीच हसण्यावारी नेला होता. 

काकांनी पुन्हा दांडा लावला. पुन्हा. मग कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना वायर गुंडाळून टाकली, म्हणजे त्यात पुन्हा करंट साठायला नको.

तेवढ्यात खाली लूम सुरू झाले. लाइट वेळेच्या आधी आली होती.

काकांनी फक्त शर्टाचा खिसा चाचपला. प्लग तिथेच होता.

गच्चीवरची अँटेना उतरवायला संध्याकाळ झाली. दोन दोर बांधून, रस्त्यावरच्या तारांपासून लांब, इंच इंच. त्या दिवसानंतर आईने खोलीची कडी काढली.

आज दुपारी दादा आणि मी गणेशपुरीला गेलो होतो. काकांचाही सेट घरी होता. मला वाटेतच धडकी भरली होती. आता तो कोण उतरवणार? तो दांडा कोण धरणार?

काकी म्हणाल्या, "बघा जरा. आजारी पडले तवा चार दिवस त्याच खोलीत व्हते. मला आत येऊ दिला न्हाय."

सेट टेबलावर होता. प्लग कापलेला. झाकण उघडं. आत दोन्ही टोकांना वायर गुंडाळलेली. अँटेनाची वायर वेटोळं करून कोपऱ्यात.

आणि वर दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, काकांच्या अक्षरातला.

"सगळं उतरवलंय. हात लावलात तरी चालेल."

दादाने हात लावला. त्याच हाताने. आणि तिथेच रडला.

काका, तुमच्या भीतीने आमचा दादा वाचला. आता तुम्ही घाबरू नका. सावकाश जा.

तुम्हाला आम्हा तिघांचा मनापासून नमस्कार.