मालक दिसतही नाहीत

आमच्याकडे पाहुणा तीन दिवसांसाठी येतो आणि त्याला सगळं पाहायचं असतं. वाघ, तलाव, धानाच्या बांध्या, कोळशाची खाण, आणि जमलंच तर वैनगंगेपलीकडचं एखादं देऊळ. हे सगळं फिरवून आणायचं काम माझ्या जीपचं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात भूगोल घेऊन बीए झालो, त्याचा उपयोग एवढाच की पाहुण्यांना घेऊन रस्ता चुकत नाही.

मुक्काम मोहर्लीच्या अलीकडच्या एका गावात, इसरूभाऊ मडावींकडे. साठी ओलांडलेला, उंच, हसताना तोंडावर हात धरणारा माणूस. बायको बुधरीबाई गेली. मुलगी रिना सिरोंच्याकडे दिली. तिची लेकरं तेलुगू बोलतात, त्यामुळे फोनवर आजा आणि नातू एकमेकांचं मन लावून ऐकतात, समजत कोणालाच नाही.

गावात पाहुण्यांसाठी खोल्या काढायची टूम निघाली तेव्हा बाकीच्यांनी कमाईचा विचार केला. इसरूभाऊ म्हणाले, "घरात मानसाचा आवाज पाह्यजे." स्वतःची खोली त्यांनी सारवून, रंगवून पाहुण्याला दिली आणि आपली खाट मागे शेळ्यांच्या कोठ्यात नेली.

आधी प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या मॅडमनी बजावलं, की पाहुण्याला शांतता हवी असते, त्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. इसरूभाऊ उभे राहिले.

"मंग पावना बलावाचा कायले?"

सगळे हसले. तेही तोंडावर हात धरून हसले. पण त्यांनी ते खरंच विचारलं होतं.

पहिलं जोडपं पुण्याचं आलं. इसरूभाऊंनी दारात पाण्याचा तांब्या दिला, पाय धुऊ दिले, खाटेवर बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमी किती देवाचे?"

जोडपं एकमेकांकडे पाहू लागलं. गोंडांत हा प्रश्न आपण गाव विचारतो तसा विचारतात. कोणाचं कूळ चार देवांचं, कोणाचं सहा, कोणाचं सात. देव कळले की समोरचा भाऊ लागतो की सोयरा, ते कळतं, आणि मग थट्टा करायची की मान राखायचा तेही ठरतं. त्या बिचाऱ्यांना वाटलं, धर्माची चौकशी चालू आहे. "आम्ही तसे फारसे देव मानत नाही," नवरा म्हणाला. इसरूभाऊंना फार वाईट वाटलं. एकही देव नसलेला माणूस नात्यात बसवायचा तरी कुठे? त्या काळजीने ते जेवण होईपर्यंत समोरून हलले नाहीत.

जोडप्याने फोनवर शेरा लिहिला, 'मालक फार चौकशा करतात.' या खोल्यांचं काम पाहणाऱ्या गावच्या समितीचे अध्यक्ष धनराजभाऊ घरी येऊन सांगून गेले, "आणखी एक असा शेरा आला तं खोली बंद, इसरू. मंग बस शेळ्यायसंगं बोलत."

तेव्हापासून इसरूभाऊंनी तोंड मिटलं. खोली बंद झाली असती तर अंगणात चप्पलही वाजली नसती. जीपचा आवाज आला की ते तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवत आणि मागे जात. जेवण झाकून ठेवत. कोठ्यात बसून पाहुण्यांचं हसणं ऐकत.

खोली भरू लागली. एकदा मी त्यांना नवा शेरा वाचून दाखवला, 'अतिशय शांत जागा. मालक दिसतही नाहीत.'

"पुन्हा वाच."

मी वाचला.

"दिसतई नाई मनते?"

"चांगलं म्हणून लिहिलंय, भाऊ."

"हो का," म्हणाले आणि शेळ्यांना पाला टाकू लागले.

या हिवाळ्यात कोल्हापूरकडचे एक काका एकटेच आले. जन्मभर फाउंड्रीत भट्टीवर होते. वाघापेक्षा कोळशाची खाण पाहायची हौस. "आयुष्यभर कोळसा जाळला, म्हटलं येतो कुठनं ते तरी बघू." खाणीच्या काठावर ते इतका वेळ उभे राहिले की माझी सावली मला सोडून जायला निघाली.

तिसऱ्या दिवशी त्यांना चंद्रपूरला गाडीवर सोडायला निघालो. इसरूभाऊ नेहमीप्रमाणे गावाच्या शिवेपर्यंत जीपमागे चालत आले. पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायची रीत तेवढी त्यांनी सोडली नव्हती, कारण त्यात बोलावं लागत नाही.

चंद्रपूरच्या अलीकडचं रेल्वे फाटक लागलं तेव्हा काका म्हणाले, "माणूस लई अबोल की ओ तुमचा. दोन्ही दिवस सांजच्याला अंगणात बसून राहिलो, येईल गप्पा मारायला म्हणून. माझ्या घरी तरी कोण आहे बोलायला? काही चुकलं का माझं?"

जीप वळवावी असं फार वाटलं. पण गाडीची वेळ झाली होती. मी त्यांना इसरूभाऊंचा नंबर दिला.

पुढच्या खेपेला गेलो तर इसरूभाऊ चिंतेत.

"अश्वजित, त्या कोल्लापूरवाल्याचा फोन आलता. काय इसरला तो इथी?"

"काय म्हणाले?"

"कसे आहा मने. मी म्हनलो, बरा हावो साहेब, काई पाह्यजे का? नाई मने. जेवन झालं का मने. मी म्हनलो, हो साहेब. मंग गप्प. मंग ठेवला. मी सारी खोली झाडून पाह्यली, खाटीखाली पाह्यलं. काईच नाई."

"काही विसरले नाहीत ते, भाऊ."

"मंग केला कायले?"

"बोलायला."

इसरूभाऊंनी खिशातून फोन काढला. नंबर मीच लावून दिला असता. पण ते नुसते काचेकडे पाहत राहिले.

"मी त्याले किती देवाचा तेई इचारलं नाई."

"आता विचारा."

"आता जेवून पडला असन तो. तरास होईन."

फोन पुन्हा खिशात गेला. जीपमधून नवे पाहुणे उतरत होते. इसरूभाऊंनी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला आणि ते मागे कोठ्याकडे गेले.