भूगोलाचं मोठं अक्षर

शाळेच्या माडीवरच्या कचेरीतल्या टायपिस्टबाई कुणाची भीडभाड ठेवणाऱ्या नव्हत्या. इंग्रजी कागद त्यांच्या टेबलावरून गेला, की भल्याभल्यांची हवा निघायची. विषय भाषेचा असेल तर पहिलं अक्षर मोठं, कॅपिटल. गणित, इतिहास, भूगोल सगळे लहान. हुद्दा नावाच्या आधी आला तर मोठा. एरवी मुख्याध्यापक असो नाहीतर माळी, लहानच.

सगळ्यांनी हे मुकाट गिळलं होतं. एक भूगोलाचे सर सोडून. त्यांचा कागद टाइप होऊन खाली गेला, की पाठोपाठ जिना दणाणायचा.

"बाई, अख्खी पृथ्वी शिकवतो मी, आणि तुम्ही मला लहान करता?"

"पृथ्वी काय तुमच्या नावावर केलीय?"

"निदान विभागप्रमुख तरी मोठा करा."

"नावाआधी घाला, करते. मागून शेपटासारखा लावलात तर नाही."

मग सर समोरच्या खुर्चीत बसत, चहा येई, भांडण रंगे आणि अक्षर होतं तसंच राही. शिपाईमामा डोळा मिचकावून म्हणत, "सरांना अक्षराचं दुखणं नाही हो, जिन्याची ओढ आहे." बाई त्यांना पिटाळून लावायच्या. पण सरांचा कागद खाली धाडला, की आधी केस सारखे करायच्या. हे आपलं तुमच्याआमच्यात.

सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांचा अनुभवाचा दाखला टायपाला आला. बाईंना वाटलं, इतकी वर्षं माणूस मागतोय, जाताना तरी द्यावं. त्यांनी भूगोल मोठा केला, विभागप्रमुखही मोठा केला, दाखला खाली पाठवला आणि दोन चहा सांगितले.

चहावर साय धरली. जिना वाजेना.

अखेर शिपाईमामा वर आले. "सरांनी वाचला. म्हणाले, बाईंनी ऐकलं बुवा शेवटी! आणि निघाले."

"वर येतो असं नाही म्हणाले?"

"काय निमित्तानं येतील? भांडायला काही ठेवलंच नाहीत तुम्ही."

मामांनी या वेळी डोळा मिचकावला नाही.

बाई खिडकीशी धावल्या. फाटकापाशी सर थांबले होते. दाखला उलगडून, चष्मा वर-खाली करत, ओळीवरून बोट फिरवत होते. एखादी चूक सापडते का, बघत असावेत. बाईंच्या कागदात ती कुठली सापडायला!

हाक मारायला बाईंनी तोंड उघडलं. पण या माणसाला हाक मारून बोलवायची वेळ कधी आलीच नव्हती. काय म्हणून मारायची, ते ठरेपर्यंत सरांनी कागदाची घडी घातली होती.