एकाच बाकावर

एसटी सुटताना बाबा खिडकीशी आले. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं, एक सूचना होती: "दोघी एकाच बाकार बसा." गावची शाळा सातवीपर्यंतच. म्हणून मी आणि माझी चुलत बहीण मंदा आठवीसाठी मुंबईत घोडपदेवला, आमच्या धाकट्या काकांच्या खोलीत राहायला निघालो होतो.

गावी दोन खोल्या, दोन गुरुजी आणि सात इयत्ता. ज्याला आधी समजेल त्याने इतरांना सांगायचं, हीच तिथली शिस्त. मंदाला फळ्यावरचं कळत नसे, मी सांगितलेलं कळे. "अगो, तू सांग मगे," म्हणायची. एकदा कळलं की चौथीच्या पोरांना ती माझ्यापेक्षा छान समजावायची.

परळच्या हायस्कुलात आधी स्वागत समारंभ झाला. प्रत्येकीला गुलाब मिळाला. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि ज्ञानमंदिराविषयी सावकाश बोलले. या मंदिरात दर्शनाच्या रांगा वेगळ्या असतात, तेवढं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तुकड्या पाडायला चाचणी होती. मंदाने नेहमीसारखं विचारलं, मी नेहमीसारखं मोठ्याने सांगितलं. वर्ग हसला.

"काय गं, गावाला असंच चालतं?" सरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. चालायचंच.

मला उठवून पुढच्या बाकावर बसवलं. मंदाचा निम्मा पेपर कोरा राहिला. मी 'अ' तुकडीत, तिसऱ्या मजल्यावर. ती 'ड'मध्ये, तळमजल्यावर, लेझमी ठेवायच्या खोलीशेजारी. काका हेडसरांना भेटून आले. हुशार मुलं मागे पडू नयेत म्हणून अशी रचना आहे, असं कळलं. बाकीच्यांनी मागे पडावं, हेही त्याच रचनेत बसत असावं.

आमच्या तुकडीला गणित-विज्ञान इंग्रजीतून. मंदाच्या वर्गावर तासाला कोणी आलंच तर हजेरी घेऊन जायचं. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत मी तिला शिकवायला बसे. मला रिफ्लेक्शन समजलं होतं. तिच्या पुस्तकात परावर्तन होतं. मी अडखळायचे, ती माझ्याकडे बघत राहायची. दिवाळीनंतर तिने "तू सांग" म्हणणं सोडलं. नववीत नापास झाली आणि मे महिन्यात गावी गेली, ती तिथेच राहिली.

मी शिकले. शिवडीला घर झालं. परवा ऑफिसात एका टायवाल्या गृहस्थांनी आम्हाला दिवसभर 'पीअर लर्निंग' शिकवलं. म्हणजे ज्याला समजलं त्याने शेजाऱ्याला सांगायचं. टाळ्या झाल्या, समोसे आले.

आता मंदाची लेक आठवीला माझ्याकडे येते आहे. तिच्यासाठी शाळा पाहून आले. स्वागत समारंभ आहे, नंतर चाचणी, नंतर तुकड्या. "एकदम पारदर्शक पद्धत आहे, मॅडम," तिथल्या बाई म्हणाल्या. दुसऱ्या शाळेतही तेच ऐकलं.

गाव सोडलेल्याला घर म्हणजे काय ते लोक हमखास विचारतात. माझ्यापुरतं ते दोघींचं एक बाक होतं. गेल्या खेपेला गावी ते बघायला गेले, तर पट कमी म्हणून शाळा बंद झालेली. बाकंही कुणी उचलून नेलेली.

शाळांचं सगळं मंदाला फोनवर सांगितलं.

"बरा," ती म्हणाली. "एसटीत बसवताना तिका काय सांगूचा लागणा नाय. ती एकटीच येता."