क्लचवरचा पाय

गिअरबॉक्स उतरवून मी जुनी क्लचप्लेट बाहेर काढली, तर ती टाकी न लावलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत. टॉर्च धरून बसलेले आमचे हे म्हणाले, "पाय सारखा क्लचवर ठेवतेस, मग दुसरं काय होणार?"

पुढे थांबावं लागेल म्हणून मी आधीच अर्धी थांबलेली असते, बघा. आताही लेकीचे दिवस भरलेत, आजच तिच्या गावी पोचायचंय, आणि माझा अर्धा कान फोनकडे. मनही असंच झिजत असेल का, धड न चालता, धड न थांबता?

मधल्या भोकात लाटण्याचं टोक घालून नवी प्लेट मधोमध बसवली. संध्याकाळी पहिलाच चढ गाडी सरसर चढली.

"पाय कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"खाली."

तेवढ्यात फोन वाजला, आणि पाय आपसूक क्लचवर गेला.