बाकीचं स्थिर धरायचं

आमच्याकडे खोली घेऊन राहणाऱ्या रेवतीनं टेबलासमोर गणिताच्या वर्गाच्या नियमांचा कागद चिकटवलाय. आज सकाळी चहा घेऊन गेले, तर अंगात ताप असताना ती त्या कागदावरून बोट फिरवत होती, बंद भिंतीत कुठे फट सापडते का बघावं तशी.

"काकू, चुकलेली चाचणी परत घेत नाहीत. एक माफ असते, पण माझी ती गेल्याच महिन्यात वापरून झाली. आज शून्य पडलं तर विषय राहील."

"अगं, सरांना सांग ना, ताप आहे म्हणून."

"सांगितलं. सगळ्यांना सारखा नियम, म्हणाले."

हे गणित कसलं, तर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलत असतात, त्याचं. मेथी निवडताना तिनंच मला समजावलं होतं, की एकच गोष्ट बदलू द्यायची आणि बाकीच्या तेवढ्यापुरत्या स्थिर धरायच्या. मला ते लगेच कळलं बाई! लग्नानंतर घरात सगळ्यांचं बदलत गेलं, नोकऱ्या, गावं, आवडीनिवडी. स्थिर धरलेली तेवढी मी. तेवढ्यापुरतं म्हणता म्हणता चाळीस वर्षं झाली. आणि आमचे नियम कुणी लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे बोट फिरवून फट शोधायचीही सोय नव्हती.

शेवटी रेवती निघाली, भर उन्हात स्वेटर घालून. मी दारात आडवी उभी राहून "जाऊ नकोस" म्हणणार होते, आणि तोंडातून निघालं, "पेन घेतलंस ना?"