मेहुण्याचं मुकं इंजिन

माझ्या मेहुण्याला आवाजाची भारी लाज वाटायची. स्वतःच्या नव्हे, तो तर शिरवण्यातून सानपाड्यापर्यंत ऐकू जायचा. गाडीच्या आवाजाची.

गाडी माझ्या सासऱ्यांची. गोल दिव्यांची, जुनी विलायती. मिठागरं चालायची तेव्हा मुंबईच्या एका पारशाकडून घेतलेली. मिठागरं गेली, शेतं गेली, मेहुणा बिल्डर झाला आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या स्वाधीन झाली. मग सासऱ्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हाताऱ्याने एकच मागणं मागितलं, "डोले हायेत तवर मना एकदा गाडी चालवाची हाय. खाडीच्या रस्त्यानं."

बापाच्या इच्छेखातर इंजिन बांधायला काढलंय, असं मेहुणा जगाला सांगे. मला विचाराल तर त्याला ती गाडी घरातल्या लग्नाच्या हळदीला दारात उभी करायची होती. त्यांच्याकडे हळदीला अख्खं गाव लोटतं. मी तळोज्याच्या कारखान्यात कॉम्प्रेसरची देखभाल करायचो, पण पडलो घाटावरचा जावई, त्यात नोकरदार. माझं कोण ऐकतो!

इंजिन बांधून झालं. बोअर केलेलं, पिस्टन नवे, रिंगा नव्या. थंड असताना गाडी छान पळे. गरम झाली की खाडीच्या पुलाच्या चढावर धापा टाकत बसे. प्लग काढून गेज लावलं तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडलेलं. लगेच शेडमध्ये मेहुण्याच्या दोस्तांची पंचायत भरली. पांढरे बूट, गळ्यात साखळ्या, हातात चहा. त्यांतल्या एकानेही जन्मात स्वतःच्या हाताने प्लग साफ केला नसेल. निदान मात्र एकमुखी: "रिंगा गेल्या." कालच्या रिंगा आज कशा जातील, हे विचारण्याइतकी अक्कल त्या पंचायतीत नव्हती. इंजिन पुन्हा उघडलं, रिंगा पुन्हा बदलल्या, त्यात पावसाळा निघून गेला. काटा होता तिथेच.

इकडे सासऱ्यांना बाजूचं दिसेनासं झालं होतं. येता-जाता दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. रोज सकाळी शेडपाशी येऊन विचारत, "झाला काय रं?"

"होतंय बाबा, टेन्शन घेव नको," म्हणून मेहुणा मोबाइलवर बोलायला निघून जाई. नवा घेतला होता, आणि तो खिशात ठेवणं त्याला जमत नसे.

एका रविवारी मी हट्टाने तापल्या इंजिनाचे प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं. दाब रिंगांतून गळत असेल तर तेलाने गळती बुजते आणि काटा चढतो. काटा ढिम्म हलला नाही. म्हणजे दाब वॉल्व्हमधून जात होता. टॅपेट कव्हर उघडलं. लोखंड तापून वाढतं, म्हणून वॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटपाशी एक बारीक फट ठेवायची असते. तिथे फट मोजायच्या फिलरची पातळ पट्टीसुद्धा शिरेना. मग तापल्यावर वॉल्व्ह पुरते मिटणार कसे?

"ती मीच बंद करवली," मेहुणा म्हणाला, आणि तेही छाती फुगवून. "टिकटिक करते भावोजी. खटारा वाटते. लोक काय बोलतील?"

मेकॅनिक दर वेळी फट ठेवून जाई आणि हा दर वेळी त्याला परत बोलावून ती आवळायला लावी. मग चालत्या इंजिनावर रुपयाचं नाणं उभं करून पाहुण्यांना दाखवी: बघा, पडतंय का? बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

मी सगळं समजावून सांगितलं. पंचायतीने माना डोलावल्या आणि ठरवलं की आता हेड गॅस्केट बदलायचं. नवं गॅस्केट चारचौघांना दाखवता येतं. फट काय दाखवणार? मला त्या माणसांची तेव्हा किळस आली आणि आजही येते. न कळणं मी समजू शकतो. पण सांगून, दाखवूनही झाकायचं, आणि बापाची नजर विझत असताना झाकायचं, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

दिवाळीनंतर मेहुणा कुणाच्या तरी साखरपुड्याला पनवेलला गेला आणि मी शेडमध्ये शिरलो. इंजिन तापवलं, कव्हर काढलं, एकेका टॅपेटला फिलर लावून नीट फट दिली. गेज लावलं. काटा वर गेला. नशीब, वॉल्व्ह जळले नव्हते. गाडी पुलाच्या चढावर नेऊन आणली. टिकटिक करत, पण एका दमात चढली.

सासऱ्यांना हाताला धरून आणलं. दार चाचपत ते स्टिअरिंगमागे बसले. इंजिन चालूच होतं. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मी काचेसमोर हात हलवला. त्यांनी पापणीही लववली नाही.

"जावयबापू, तुमी चालवा," ते म्हणाले. "मी बाजूला बसतो."

मेहुण्याच्या कानफटात मारावीशी वाटत होती. सासरे उतरून, गाडीला हात लावत लावत पलीकडे गेले आणि डावीकडच्या सीटवर बसले.

तेवढ्यात मेहुणा आलाच. बाप कुठल्या सीटवर बसलाय हे त्याने पाहिलंही नाही.

"भावोजी, आवाज येतोय!"

"येव दे," सासरे म्हणाले. "मना आता तेवढाच उरला हाय."

मेहुणा पाना आणायला घरात गेला.