सिनेमातले आजोबा

चिंगी आज उपाशीच झोपली असेल, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही. चिंगी म्हणजे माझी धाकटी, कोर्टात स्टेनो. लागून सहाच महिने झालेत, अजून कायम झालेली नाही. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा आवाज पार बसलेला होता.

"आई, चोरीच्या खटल्यातला साक्षीदार म्हणाला, 'बहुतेक हाच होता.' जजसाहेबांनी मला सांगताना 'हाच होता' एवढंच सांगितलं. मी तेवढंच टाइप केलं."

"मग? साक्षीदार पाल्हाळ लावतो, साहेब नेमकं सांगतात, तू उतरवतेस. तुझं कामच ते."

"आजोबा उठले होते ना? मी खुर्चीला चिकटून बसले. भित्री भागूबाई!"

आजोबा म्हणजे माझे बाबा. तेही त्याच कोर्टात स्टेनो होते. त्यांच्यासमोर एका हमालाला खुनासाठी जन्मठेप झाली. तो तुरुंगातच वारला, आणि खरा खुनी मागाहून सापडला. त्यावर सिनेमा निघाला. लोक अजून आवडीने बघतात. त्यात शेवटी कोपऱ्यातला चष्मेवाला स्टेनो उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, साक्षीदार 'बहुतेक' म्हणाला होता." हमाल सुटतो. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

टीव्हीवर तो प्रसंग जवळ आला की चिंगी ओरडायची, "हिरो, सही द्या!" बाबा हसायचे, आणि चष्मा पुसत आत निघून जायचे.

मी कॉलेजात असताना दिग्दर्शक घरी आला होता. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. बाबा सांगत होते, "उठायला हवं होतं. गुडघ्यांवर हात ठेवून जोरही लावला. पण घरात खाणारी पाच तोंडं. बसून राहिलो."

दिग्दर्शकाने वही मिटली. मग म्हणाला, "सिनेमात तरी उठू या, काका."

सगळ्या सिनेमाचा जीव त्या उठण्यात आहे, आणि नेमकं तेवढंच घडलेलं नाही.

संध्याकाळी हे अगदी ओठांवर आलं होतं. अगं, आजोबाही गप्पच बसले होते, कशाला जिवाला लावून घेतेस, नोकरी सांभाळ. गिळून टाकलं. हमालाचं मरण मी माझ्या पोरीची समजूत काढायला वापरणार होते.

तिचा तो जबाब उद्या अकरा वाजता साहेबांच्या सहीला जाईल. तोवर एक शब्द परत घालता येतो. साहेब चिडतील, कदाचित तिला घरीही बसवतील. पण त्या आरोपीचं काय?

खरं तिला कळायलाच हवं. मात्र माझ्या तोंडून तिला त्यात 'गप्प बस' एवढंच ऐकू येईल. बाबांच्या तोंडून तसं येणार नाही.

ते पाचला उठतात. पाच वाजले की फोन लावणार आहे. म्हणेन, बाबा, चिंगी कोर्टात जायच्या आत तिला सांगा, त्या दिवशी तुम्ही उठला नव्हता. आणि सिनेमा लागला की तुम्ही आत का जाता, तेही सांगा.